पितळी पातेल्याला घरी कल्हई : नोंदी

रविवार, २९ जून २०२५

पातेलं माळ्यावरून खाली काढलं. रिकाम्याचं वजन ३ किलो ४०० ग्रॅम. तोंडाशी व्यास २८ सेंमी, उंची १६, म्हणजे काठोकाठ भरलं तर साडेनऊ लिटरच्या आसपास. तळाची कल्हई, म्हणजे आतला कथलाचा मुलामा, जवळजवळ गेली आहे, बाजूंना पट्ट्यापट्ट्यांनी शिल्लक. तळाला बाहेरून रुपयाएवढा राखाडी डाख, म्हणजे भोक बुजवणारा धातूचा जोड. पोटावर एक मोठा पोचा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे, पण इतकं झिजलंय की बोटाला कळतं आणि डोळ्याला दिसत नाही.

आमच्याकडे गौरीचं पुरण आणि कटाची आमटी यातच होते. यंदा होळीला, १३ मार्चला, आमटी कळकली. चूक माझी. कल्हई उडालेली दिसत होती, तरी 'एका दिवसानं काय होतंय' म्हणून चिंच-गूळ घालून उकळली आणि वर दोन तास तशीच ठेवली. तीन लिटर आमटी मोरीत ओतावी लागली. कळकणं म्हणजे काय हे स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्यांना सांगायचं तर, जिभेवर जुना पैसा ठेवल्यासारखी चव. आंबट पदार्थ पितळेतलं तांबं ओढून घेतो आणि तेच पोटात जातं. चवीपुरतं नाही, उलट्याही होतात.

घरीच करायची वेळ का आली? आमच्या सोसायटीत वर्षातून दोनदा येणारा कल्हईवाला करोनापासून फिरकला नाही. पेठेतल्या एका दुकानात नेलं तर ७०० रुपये सांगितले. वर, 'बफ मारून बाहेरूनही नवंकोरं करून देतो.' बफ मारला की नावाचे उरलेसुरले ठिपके जाणार. नको म्हटलं तर, 'मग पंधरा दिवस लागतील.' परत घेऊन आले. गौरीपूजन १ सप्टेंबरला आहे, म्हणजे हातात नऊ आठवडे.

शनिवार, ५ जुलै

आधी धुण्याचा सोडा घालून पातेलंभर पाणी अर्धा तास उकळलं. चिकट काळपट थर सुटला. इथपर्यंत ठीक.

मग शहाणपणा केला. पाच लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून रात्रभर भिजवलं आणि त्यातच रंगकामवाल्यांच्या स्टील वूलनं घासलं. एक बोळा आतच राहिला. सकाळी पाहते तर पातेलं आतून गुलाबी. आंबट पाण्यात थोडं तांबं विरघळतं, त्यात लोखंड सापडलं की ते तांबं परत भांड्यावर येऊन बसतं. थर पातळ असतो, पण त्यावर कल्हई धरेल की नाही याची खात्री वाटेना.

एकादशीचा उपास आणि दोन तास चिंच, मीठ, चाळलेली राख. गुलाबी गेलं. करणाऱ्यांसाठी : भिजवायचं असेल तर वीस मिनिटं पुरे, आणि लोखंडाचं काहीही आत नको. नारळाची शेंडी वापरा.

शनिवार, १२ जुलै

काम काही नाही, पण तारीख ही आहे म्हणून लिहिते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमचं घर तेव्हा शनिवार पेठेत, वाड्यात तळमजल्यावर. या पातेल्याची घरातली गोष्ट अशी : आजीनं ते माहेराहून आणलं, पुरात ते वाहून गेलं, आणि पाणी ओसरल्यावर चौकातल्या चिखलात सापडलं. दगडावर आपटून त्याला भोक पडलं होतं, ते आजोबांनी कासाराकडून डाख देऊन बुजवून आणलं. आजी दर गौरीला ही गोष्ट सांगायची. शेवटी म्हणायची, 'सगळं गेलं, पण माहेर परत आलं.'

आत्याला फोन केला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. म्हणाली, "अगं, मला चिखलाचा वास आठवतो. पातेलं नाही आठवत. आणि तू ते घरी कसली कल्हई करतेयस? भाजून घेशील."

रविवार, १३ जुलै

खरेदी. यात फसले, म्हणून सविस्तर लिहिते.

हार्डवेअरच्या दुकानात 'कल्हईची कांडी' मागितली. मिळालेल्या तारेच्या गुंडाळीवर बारीक अक्षरांत ६०/४० होतं. ते घरी आल्यावर वाचलं. म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांचं सोल्डर. हे स्वयंपाकाच्या भांड्याला लावायचं नाही. कधीच नाही. दुकानदार परत घेईना, ४८० रुपये गेले.

मग कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथे अजून ठोक्यांचा आवाज येतो. एका काकांनी शुद्ध कथलाची जाड पट्टी काढून दिली, १०० ग्रॅम, ५२० रुपये. "वाकवा आणि ऐका," म्हणाले. वाकवली. बारीक खडा दाताखाली यावा तशी आतून करकरली. कथलाची ही खूण, शिसं मिसळलेलं असं बोलत नाही. दुसरी खूण म्हणजे कागदावर घासून बघायचं : शिसं असेल तर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटते.

नवसागर, म्हणजे कथील भांड्याला धरावं म्हणून लावायचा क्षार, काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला, ६० रुपये. कागदाच्या पुडीत.

रविवार, २० जुलै

पहिला प्रयोग, गच्चीवर, गॅसच्या मोठ्या बर्नरवर. पूर्ण फसला.

एक, नवसागर. आठवडाभर पावसाळी हवेत राहिलेली पुडी ओली कच्च झाली होती. गोळे पडले, ते तापल्यावर तडतडून उडाले आणि पांढऱ्या धुराचा ढग झाला. मास्क नव्हता. डोळे, नाक, घसा सगळं चुरचुरलं. वरच्या मजल्यावरच्या काकू काय जळतंय म्हणून बघायला आल्या.

दोन, आच. बर्नर तळाच्या मध्याला तापवतो, बाजू थंडच. कथील वितळायला २३२ अंश लागतात. मधोमध ते पाण्यासारखं पळत होतं आणि चार बोटांवर त्याचे मणी होऊन चिकटत होते.

तीन, आणि हे सगळ्यात वाईट. कापसाचा बोळा फिरवत असताना खाली 'टप्' असा आवाज आला. बर्नर बंद केला. बाहेरचा डाख वितळून फरशीवर पडला होता आणि तळाला हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक होतं.

थंड झाल्यावर तो गोळा कागदावर घासला. राखाडी रेघ.

म्हणजे कासारानं दिलेला पक्का डाख नव्हताच तो. पक्का डाख एवढ्या आचेला सुटत नाही. हे सोल्डर होतं आणि आमटी उकळताना टिकलं ते आत पाणी असायचं म्हणून. पाणी आहे तोवर भांड्याचा पत्रा शंभराच्या फार वर जात नाही, सोल्डर सुटायला १८० च्या वर लागतात. इतक्या वर्षांत कुणी हे पातेलं कोरडं तापवलं नाही, एवढाच काय तो पुरावा.

आत्याला फोन. "कासार नव्हे गं," ती म्हणाली, "अण्णानं केलं असणार. त्याला रेडिओ खोलायचा नाद होता ना. सत्तर-एकाहत्तर साल असेल. आईला सांगितलं नसेल, तिनं हात लावू दिला नसता." अण्णा म्हणजे माझे थोरले काका.

म्हणजे पन्नासएक वर्षांच्या आमट्या एका बाजूनं शिशाला लागून उकळल्या. भोक एवढंसं, पण झोप लागली नाही ती नाहीच.

शनिवार, २ ऑगस्ट

बारा दिवस हातच लावला नाही. आज पातेलं घेऊन पुन्हा तांबट आळीत गेले. हे काम घरी होण्यातलं नाही. पितळेचा पक्का डाख बसवायला भांडं त्या जागी लालबुंद करावं लागतं, टाकणखार (बोरॅक्स) टाकून. काकांनी आधी जुन्या सोल्डरचा कण न् कण खरवडला, कडा साफ केल्या, आतून पितळेची टिकली ठोकून बसवली, मग डाख दिला. ३०० रुपये.

मी गोष्ट सांगितली : पूर, दगड, आपटणं. त्यांनी भोकाची कड बोटानं चाचपली. "आपटून फाटलं असतं तर कड दुमडली असती. ही कड बघा, कागदासारखी. हे घासून गेलंय. बायकांनी घासून घासून." मग पोच्याकडे बघत म्हणाले, "हा मात्र आपटलेला आहे. काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम." नको म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

काठाकडच्या ठिपक्यांना हातोडी लावू नका एवढं बजावलं. त्यांनी हसून काठ फडक्यानं झाकला.

रविवार, १० ऑगस्ट

दुसरा प्रयोग. जागा : मुळशीकडे मैत्रिणीच्या शेतावरची पत्र्याची शेड, चारी बाजूंनी उघडी. गॅस सोडून कोळशाची शेगडी. भाता नाही, म्हणून ६५० रुपयांचा छोटा ब्लोअर.

कोळसा दमट निघाला. तासभर नुसता धूर. पेटला तेव्हा उत्साहात ब्लोअर पूर्ण सोडला आणि पातेलं नको इतकं तापलं. कथील लागलं, चकाकलं, आणि बघता बघता पिवळट पडलं. कापसानं पेट घेतला, तो बोळा मी मूर्खासारखा पातेल्यातच टाकला. आतून सगळीकडे काळे ओरखडे. ३० ग्रॅम कथील वाया. परतीच्या वाटेवर घाटात जोरदार पाऊस आणि मी गप्प.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी पत्ता काढून दिला : वीसेक वर्षांपूर्वी पेठांत फिरून कल्हई करणारे एक चाचा. गुडघ्यांमुळे काम सोडलंय. पातेलं घेऊनच गेले.

आत डोकावून म्हणाले, "ताई, ही कल्हई नाही, मलम लावलंय."

चहा होईतो त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण पुढचं काम याच्यावर झालं.

शेवटची धुणावळ झाली की आत बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं तिथे कल्हई धरत नाही.

नवसागर तव्यावर मंद कोरडा करून कुटून डबीत भरायचा. भांड्यावर शिंपडायचा नाही, कापसालाच लावायचा.

अख्खं भांडं एकदम करायला जायचं नाही. जेवढं तापलंय तेवढंच पुसायचं, मग फिरवायचं. ज्या बाजूला आतून पुसतोय तीच बाजू बाहेरून निखाऱ्यावर.

कथील ओतायचं नाही. पट्टी भांड्याला नुसती टेकवायची, चुटपुटतं वितळलं की उचलायची. टेकवून वितळलं नाही तर थांबायचं, घासत बसायचं नाही. पिवळं दिसायला लागलं तर उशीर झाला, उतरवायचं.

पैसे घेईनात. "भांडं घेऊन या दाखवायला," म्हणाले.

रविवार, १७ ऑगस्ट

जमलं.

सकाळी सोडा, मग चिंच-मीठ, मग भरपूर पाणी, आणि उन्हाची तिरीप मिळाली तेवढ्यात उपडं घालून वाळवलं. आत कुणी बोट लावलं नाही. मैत्रिणीच्या नवऱ्यानं दोन सांडशांनी पातेलं धरून फिरवायचं काम घेतलं, मी कापूस आणि पट्टी. दोघांना मास्क, चामडी हातमोजे, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून. कोळसा आदल्या दिवशी घरी आणून ठेवलेला, कोरडा ठणठणीत.

तळ आधी केला. पट्टी टेकवली, वितळली, कापूस फिरवला. ज्या क्षणी कथील धरतं तो क्षण चुकत नाही : पिवळ्या पत्र्यावरून चांदीची लाट सरकत जाते. दोघंही ओरडलो. बाजू सहा टप्प्यांत, एकूण चाळीस मिनिटं. शेवटी पाण्याच्या घमेल्यात बुडवलं, चर्रर्र.

काठापाशी दोन जागा विरळ राहिल्या होत्या, त्या परत तापवून भरल्या. आज कथील गेलं २८ ग्रॅम. चाचांच्या हातची कल्हई आरशासारखी असायची म्हणे, माझीत कापसाच्या फिरवण्याच्या वळ्या दिसतात. दिसू देत.

रविवार, २४ ऑगस्ट

चाचणी. पहिल्यांदा चिंचेचं पाणी वीस मिनिटं उकळून फेकून दिलं. मग पातेल्यात पेलाभर ताक ओतून ठेवलं, शेजारी कल्हई नसलेल्या पितळी वाटीत थोडं. चार तासांनी वाटीतलं हिरवट आणि कळकलेलं, पातेल्यातलं ताक ते ताकच. (वाटीतलं चाखू नका, वासावरून कळतं.)

मग उत्सुकता म्हणून अजून एक प्रयोग केला, कल्हईशी संबंध नाही. बाथटब आमच्याकडे नाही, पण भाचीचा फुगवायचा टब आहे. तो भरून पातेलं त्यात सोडलं. तरंगलं. साडेतीन किलोचं पितळ होडीसारखं डुलत होतं. तेव्हा वाहून जाणं शक्य आहे.

हात ओले होतेच, म्हणून काठाचंही काम करून टाकलं. ठिपक्यांवर पांढरी रांगोळी बोटानं चोळली, वरची फडक्यानं हलकेच पुसली आणि खोलीत अंधार करून टॉर्च बाजूनं आडवा धरला. खाचांत राहिलेली रांगोळी उठून दिसली. तीन अक्षरं पक्की वाचता आली : कृ. वि. भा.

आजोबांची अक्षरं ना. ग. कु. आजीच्या माहेरची भांडी आत्याकडे आहेत, त्यांवर ब. ने सुरू होणारं नाव आहे. 'भा' आमच्याकडे कोणाचंच नाही, ना सासरी ना माहेरी. फोटो काढून आत्याला पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला.

"वाड्यात 'भा' कुणी नव्हतं," ती म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही. मग : "चिखलात सगळी पातेली सारखीच दिसत होती गं. आई एक उचलायची, पदरानं पुसायची, बघायची, खाली ठेवायची. मग एक तिनं खाली ठेवलं नाही."

"म्हणजे आपलं कुठे गेलं?"

"नदीचं पाणी कुठे जातं? खाली. संगमावरून येरवड्याकडे. वरच्या अंगाचं आपल्याकडे आलं, आपलं खालच्या कुणाकडे तरी गेलं. तिथे कुणी नात कल्हई करत बसली असेल."

मी विचारलं, आजीला माहीत होतं का. नाव तेव्हा तर स्पष्ट वाचता येत असणार.

"आई काठ फार घासायची," आत्या म्हणाली. "आम्हाला काळ्या बुडाचं काम द्यायची आणि काठ स्वतः घासायची. चिंच लावून."

सोमवार, १ सप्टेंबर, गौरीपूजन

पुरण दीड किलो डाळीचं. कट काढून आमटी याच पातेल्यात, चिंच-गुळासह. लाकडी डाव वापरला, स्टीलच्या डावानं कल्हई खरवडते. आमटी मुद्दाम रात्रीपर्यंत तशीच ठेवली, कळकली नाही. तळाला काकांनी टिकली बसवलेल्या जागी कल्हई किंचित काळवंडली आहे, तिथे दिवाळीनंतर पुन्हा एक हात द्यावा लागेल. कोरडं कधीच तापवायचं नाही आणि फोडणी याच्यात करायची नाही, हे ओट्यावर चिठ्ठी लावून घरच्यांना सांगितलंय.

खर्च एकदाचा मांडते. सोडा-लिंबूसत्व ११०, वाया गेलेलं सोल्डर ४८०, कथील ५२० (त्यातलं ४० ग्रॅमच्या आसपास शिल्लक), नवसागर दोनदा मिळून १२०, डाख ३००, कोळसा ४००, ब्लोअर ६५०, मास्क-हातमोजे ३५०, पेट्रोल ९००. एकूण ३,८३० रुपये, तासांचा हिशेब तिसाच्या वर. दुकानदार ७०० म्हणाला होता. ज्यांच्या भांड्यावर नाव नाही त्यांनी सरळ दुकानात द्यावं.

चाचांना पातेलं दाखवायला उद्या जायचंय, आमटीचा डबा घेऊन.

दुपारी पंगतीला तेवीस जण होते. आत्या सकाळीच आली. आमटी उकळून झाल्यावर पातेलं ओट्यावर ठेवलं होतं, काठावरच्या ठिपक्यांत थोडी रांगोळी अजून राहिली होती. पाहुणे यायला लागले तशी आत्या उठली, दोन्ही हातांत फडकी घेतली, आणि पातेलं अर्धं फिरवून नावाची बाजू भिंतीकडे केली.